वाऱ्याच्या खात्यावर

नव्या नोकरीतला माझा पहिला अहवाल 22 टक्क्यांचा होता आणि तो साफ चुकला होता. चुकलाय हे जहाजावरच्या कुकलाही कळलं असतं, असं कॅप्टननं मला नंतर हसत हसत सांगितलं.

खरं तर मी वाऱ्यातलीच. सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर आठ वर्षं पवनचक्क्यांची देखभाल केली. पाटणहून घाट चढून वर जायचं, टॉवरच्या पोटातली शिडी चढायची, गिअरबॉक्सचं तेल बघायचं. पावसाळ्यात धुक्यात पाती दिसायची नाहीत, तेव्हा आवाजावरून ओळखायचं, चक्की बरी आहे की कुरकुरतेय. त्यामुळे मुंबईतल्या एका कंपनीला वाऱ्याची मदत घेणाऱ्या मालवाहू जहाजांचा हिशेब ठेवायला माणूस हवाय असं कळल्यावर मी बेधडक अर्ज केला. मुलाखतीत एकानं विचारलं, “जहाजाचं काही माहीत आहे?” मी म्हटलं, “वारा माहीत आहे.” या उत्तरावर नोकरी मिळाली. आज ते आठवलं की कान तापतात.

पहिल्या दिवशी साहेबांनी एका जहाजाचा फोटो दाखवला. 229 मीटर लांब, 82,000 टनांचं बल्क कॅरिअर. गहू, सोयाबीन, कोळसा असा सुटा माल पोटात भरून नेणारं. डेकवर दोन पांढरी नळकांडी उभी, प्रत्येकी 24 मीटर उंच आणि 4 मीटर रुंद.

“सर, चिमण्या इतक्या पुढे का?”

“चिमण्या नाहीत, शिडं आहेत.”

ना कापड, ना दोर, ना डोलकाठी. मी जरा वेळ फोटोकडे बघत बसले आणि मग माझ्या अनुभवाच्या जोरावर म्हटलं, “अच्छा, म्हणजे वाऱ्यानं फिरून वीज तयार करतात.”

“उलट. फिरायला वीज खातात.”

आठ वर्षं मी वाऱ्याकडून वीज घेत होते. इथे वाऱ्याला आधी वीज खाऊ घालायची होती.

माझं काम ऐकायला सोपं होतं. समुद्रावरचं प्रत्येक जहाज रोज दुपारी बाराला नून रिपोर्ट पाठवतं: जहाज कुठे आहे, चोवीस तासांत किती मैल कापले, किती तेल जाळलं, वारा कसा, लाटा कशा. त्यावरून या फिरत्या शिडांनी, म्हणजे रोटर सेलनी, किती तेल वाचवलं ते काढायचं. मी रोटर चालू असलेले दिवस एका बाजूला घेतले, बंद असलेले दुसऱ्या बाजूला, आणि वजाबाकी केली. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचे तीन दिवस तर डोळे दिपवणारे होते. तेल तेवढंच आणि 12 नॉटचं जहाज 15 नॉटनं धावतंय. मी रंगीत आलेख काढले, 22 टक्के बचत अशी ठळक ओळ टाकली आणि अहवाल पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनची मेल आली. भाषा अतिशय सभ्य. मथितार्थ असा, की मॅडम, त्या किनाऱ्यानं नैऋत्येकडे अगुलास नावाचा प्रवाह वाहतो, त्याचा वेग चार नॉटपर्यंत जातो आणि आम्ही मुद्दाम त्यात शिरतो. तुम्ही प्रवाहाची कमाई वाऱ्याच्या खात्यावर जमा केली आहे.

साहेब रागावले नाहीत. ते म्हणाले, “जहाज पुढच्या आठवड्यात सिंगापूरला तेल घेतंय. तिथून रिकामं ब्राझीलला निघालंय, सोयाबीन भरायला. डर्बनपर्यंत जाऊन ये.” मला वाटलं ही शिक्षा आहे. काही अंशी होतीच.

शिडाच्या जहाजावर मी शिडीनं चढले. रिकामं जहाज पाण्याबाहेर भलतंच उंच असतं. खाली लाँच हेलकावे खातेय, वरून तिरकी सोडलेली गँगवे, आणि तिच्या खालच्या टोकापर्यंत पोचायला दोरीची शिडी. टॉवर चढायची सवय असल्यानं मला भीती वाटली नाही. पण टॉवर जागच्या जागी राहतो, हा फरक तिसऱ्या पायरीवर समजला. वर सारंग उभा होता. बोसनला आपल्याकडचे खलाशी अजून सारंगच म्हणतात. त्यानं माझी बॅग उचलली, आडनाव विचारलं आणि म्हणाला, “आपलीच की. मी दाभोळचा. या ताई, आधी हेल्मेट घाला.”

पहिले दोन दिवस जावा समुद्रात वारा पडलेला. पाणी तेलासारखं सपाट, रोटर निश्चल उभे. मी वही घेऊन ब्रिजवर बसायचे आणि शून्य लिहायचे. एक गोष्ट मात्र लगेच दिसली. ब्रिजच्या काचेतून समोर पाहिलं की बरोबर मध्ये पांढरा खांब आडवा येतो आणि त्याच्यामागची होडी दिसत नाही. जावा समुद्रात तर मासेमारी होड्यांचा सुळसुळाट. थर्ड मेट सारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत खांबाआड डोकावत होता. हा खर्च कुठल्याच तक्त्यात येत नाही. त्याच्या गुडघ्यांच्या खात्यावर जातो.

याच रिकाम्या वेळात त्यानं मला मेसमध्ये शिकवणी दिली. एक साधा कागद गुंडाळून त्यानं नळी केली, टेबलावर पुस्तकं लावून उतार केला आणि नळी वरून सोडून दिली. गडगडत ती कडेपर्यंत गेली. आता पुढे उडून पडणार म्हणून मी हात पुढे केला, तर नळी खाली येताना मागे वळली आणि टेबलाखाली शिरली. तीनदा केलं, तीनदा तेच.

“कुणी ढकललं तिला?” तो म्हणाला.

नळी स्वतःभोवती फिरत खाली पडते तेव्हा तिच्या एका बाजूचा पृष्ठभाग हवेच्या दिशेनं धावत असतो आणि दुसऱ्या बाजूचा हवेच्या विरुद्ध जात असतो. पहिल्या बाजूला हवा वेगानं सरकते, दाब कमी होतो, आणि नळी तिकडे ओढली जाते. हवा येते एका दिशेनं आणि धक्का बसतो तिला काटकोनात. टेबल टेनिसमध्ये टॉपस्पिनचा चेंडू एकदम खाली बसतो, तो याचमुळे. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश गुस्ताव मॅग्नस यांनी 1852 मध्ये याचा अभ्यास केला, तो तोफगोळे सरळ का जात नाहीत या विवंचनेतून. जहाजावर नेणारा आंटोन फ्लेटनर. त्यानं 1924 मध्ये ‘बुकाउ’ या शिडाच्या जहाजाची शिडं काढून सुमारे 15 मीटर उंचीची दोन नळकांडी बसवली. तेच जहाज ‘बाडेन-बाडेन’ हे नाव घेऊन 1926 मध्ये अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोचलं. आणि मग सगळं थंडावलं. डिझेल स्वस्त होतं; वाऱ्याची मनधरणी करायची गरज कुणाला?

म्हणजे मी ज्याला नवं यंत्र समजत होते ते शंभर वर्षांचं म्हातारं निघालं. नवं काय झालं, तर तेल महागलं आणि धुराचा हिशेब मागणारे आले. एक टन जड तेल जाळलं की तीन टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि जगाच्या उत्सर्जनात जहाजांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं 2023 मध्ये ठरवलं, की 2050 च्या सुमाराला तो निव्वळ शून्यावर आणायचा. त्यामुळे फ्लेटनरची नळकांडी पुन्हा डेकवर आली.

सुंदा सामुद्रधुनी ओलांडली त्या रात्री मला झोपेत कॉटची कड घट्ट धरावी लागली. सकाळी ब्रिजवर गेले तर समुद्र पार बदललेला. गडद निळा, पांढऱ्या तुऱ्यांचा. आग्नेयेचे व्यापारी वारे लागले होते. पोटात कालवत होतं, तरी वही सोडली नाही, एवढं श्रेय मी घेते.

सेकंड मेटनं पडद्यावर दोन बटणं दाबली. पुढचा रोटर आधी जडपणे हलला, मग गिरकी घेतली, मग इतका गुळगुळीत फिरू लागला की फिरतोय हे कळेना. त्याच्यावर एक उभी निळी पट्टी रंगवलेली होती, तीही विरघळून गेली. मिनिटाला दीडशे फेरे. चार मीटर रुंदीच्या नळकांड्याची कड त्या वेगात ताशी 110 किलोमीटरच्या पुढे जाते. आवाज मात्र दूरच्या पिठाच्या गिरणीसारखा, घुमणारा.

पण वाऱ्याचे आकडे पाहून मी गोंधळले. एका पडद्यावर लिहिलं होतं वारा 20 नॉट, डावीकडून आणि बराचसा मागून. दुसऱ्यावर 16 नॉट, बरोबर डाव्या कुशीतून. मी सेकंड मेटला सांगितलं, तुमचं एक यंत्र बिघडलंय. त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं.

“मॅडम, पावसात स्कूटर चालवली आहे?”

चालवली आहे. सरळ खाली पडणारा पाऊस स्कूटरवर तोंडावर येतो. वाऱ्याचंही तेच. जहाज 12 नॉटनं पुढे जातंय, म्हणजे समोरून 12 नॉटचा वारा ते स्वतःच तयार करतंय. मागून येणारा खरा वारा त्यात मिसळला की त्याचा मागचा भाग जवळजवळ पुसला जातो आणि उरतो तो आडवा वारा. जहाजावरच्यांच्या भाषेत ट्रू विंड आणि रिलेटिव्ह विंड. रोटरला फक्त दुसरा कळतो. वनकुसवड्याची चक्की कुठे जात नव्हती, म्हणून आठ वर्षांत मला हे दोन वारे वेगळे असतात हे समजायची वेळच आली नाही. नेमका पाठीवरचा वारा रोटरला फारसा कामाचा नाही, समोरचा तर नाहीच. आडवा हवा. म्हणून वारा किती हे विचारण्याआधी जहाज कुठे चाललंय हे विचारायचं. हिंदी महासागर असा पश्चिमेकडे तिरका कापत जाणाऱ्या जहाजाला जुलै-ऑगस्टमध्ये हा वारा मापात शिवल्यासारखा मिळतो. 2023 साली ‘पिक्सिस ओशन’ हे मालवाहू जहाज 37.5 मीटर उंचीच्या दोन ताठ पंखांच्या शिडांसह सिंगापूरहून ब्राझीलला गेलं. पहिल्या सहा महिन्यांत त्यानं दिवसाला सरासरी 3 टन तेल वाचवलं, असं ते चालवणाऱ्यांनी जाहीर केलं होतं.

आमचा आकडा काढायचा होता तो मात्र माझ्या डोळ्यांसमोर. सातव्या दिवशी कॅप्टननं परवानगी दिली. इंजिनाचा भार जिथल्या तिथे बांधून ठेवायचा, सुकाणूला उगाच हात लावायचा नाही, आणि रोटर अर्धा तास चालू, अर्धा तास बंद. वेग बघायचा तो जीपीएसचा नाही. जीपीएस जमिनीच्या हिशेबानं वेग सांगतं, त्यात प्रवाहही येतो. जहाजाच्या तळाशी असलेला लॉग पाण्याच्या हिशेबानं सांगतो, तो घ्यायचा. माझे 22 टक्के कुठे बुडाले होते ते एकदाचं उमगलं.

रोटर बंद: 11.8 नॉट. चालू केले. काहीच नाही. मी घड्याळाकडे बघतेय, कॅप्टन चहा पितोय. एवढं मोठं धूड. त्याला वेग घ्यायलाही वेळ लागतो आणि सोडायलाही. दहा मिनिटांनी 11.9. मग 12.0, पुन्हा 11.9. पंचवीस मिनिटांनी 12.3 वर येऊन ठरला. अर्धा नॉट! मी टाळी वाजवली. ब्रिजवर कुणीच टाळी वाजवत नाही हे नंतर लक्षात आलं.

अर्धा नॉट म्हणजे चिल्लर वाटते. पण जहाजाला लागणारी ताकद ढोबळमानानं वेगाच्या घनात वाढते. 11.8 वरून 12.3 वर जायला इंजिनाला साधारण 13 टक्के जास्त जोर लावावा लागला असता. तो वाऱ्यानं लावला. मी घाईघाईनं 13 लिहिले. चीफ इंजिनीअर मागे उभे होते. त्यांनी पेन घेतलं आणि खाली लिहिलं: “उणे आमची वीज.” दोन रोटर मिळून शंभरेक किलोवॉट घेतात. चोवीस तास फिरवले तर जनरेटर त्यासाठी जवळजवळ अर्धा टन तेल पितो. ते वजा जाता 11. आणि हाही चांगल्या वाऱ्याच्या एका सकाळचा आकडा, सफरीचा नव्हे.

नवव्या दिवशी रोटर थांबवून, कुलूप लावून, परवान्यावर चार सह्या झाल्यावर मला आत जायला मिळालं. बुडाशी एक लहानसं दार, त्यातून वाकून आत. बाहेरचं कवच कंपोझिटचं, हलकं. आत पोलादी मनोरा जो फिरत नाही, त्यावर बेअरिंग आणि मोटर. वर जाणारी शिडी, ग्रीसचा वास, दमट लोखंड, पोकळीतून येणारा वाऱ्याचा घूं-घूं आवाज. डोळे मिटले असते तर मी वनकुसवड्यात होते. नऊ दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी ओळखीचं भेटलं होतं, आणि मी गरज नसताना तीन बोल्ट तपासले.

सारंग दाराशी उभा होता. त्याच्या आजोबांचं गलबत होतं, कौलं घेऊन मुंबईला जायचं. मी त्याला विचारलं, याला तुम्ही शीड म्हणाल का? तो म्हणाला, “शिडाला माणूस लागतो ताई. वारा फिरला की ओढा, सोडा. याला बटण लागतं.” मग थोडं थांबून, “पण आजा पावसाळ्यात गलबत ओढून ठेवायचा, नारळी पौर्णिमेपर्यंत. आम्ही ऐन पावसाळ्यात वारा खातोय.”

हे मला रात्री नीट कळलं. घरी फोन लागला, आई पाटणहून ओरडून बोलत होती. मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता. कोयनेत पाणी वाढतंय, वर पठारावर उभं राहवत नाही म्हणे. आम्हाला डाव्या कुशीतून ढकलणारे हेच आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडतात, उजवीकडे वळतात आणि नैऋत्य मोसमी वारे होऊन सह्याद्रीवर आदळतात. माझ्या जुन्या चक्क्या वर्षातली बरीचशी वीज याच महिन्यांत करतात. एकच वारा, दोन्ही नोकऱ्यांत. भूगोलाच्या पुस्तकात हे होतं, पण तेव्हा मला तेवढे मार्क पडले नव्हते.

शेवटचे तीन दिवस वाऱ्यानं तोंड फिरवलं. आफ्रिकेकडून नैऋत्येचा वारा थेट नाकावर. रोटर बंद; नुसते उभे राहून ते थोडा अडथळाच करत होते. मी तो अडथळाही वजा केला. चीफ इंजिनीअर म्हणाले, “आता तुम्ही फार कंजूष झालात.”

डर्बनबाहेर लाँच आली. दोरीची शिडी उतरताना सारंग वरून एकेक पायरी मोजत होता.

मुंबईत येऊन मी तीन आठवडे हिशेब घातला. 17 दिवस, जाळलेलं तेल 330 टन. वारा नसता तर 352 लागलं असतं. रोटरची वीज वजा, उभ्या रोटरांचा अडथळा वजा, प्रवाह वजा. साहेबांनी शेवटचं पान उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“पुन्हा 22?”

“टन, सर. टक्के सव्वासहा.”

2018-19 मध्ये ‘मर्स्क पेलिकन’ या तेलवाहू जहाजावर दोन मोठ्या रोटरांची वर्षभर तपासणी झाली होती. तटस्थ संस्थेनं पडताळून दिलेला आकडा होता 8.2 टक्के. आमचं जहाज त्याच्या घरात बसत होतं. साहेबांनी सही केली. ब्राझीलहून जहाज आता सोयाबीन भरून परत निघालंय, वारा उलट बाजूनं, जहाज जड. रोटर उलटे फिरवायचे आहेत. सव्वासहा तिथे लागू नाही. मी नवीन तक्ता उघडलाय.